सासऱ्यांची पिशवीभर औषधं आणि ताटात उरणारी भाकरी

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे, गिरणीतून निवृत्त, माळकरी. साखर, बीपी, गुडघे, पित्त, झोप धरून रोज ११ गोळ्या घेतात. सहा महिन्यांत ५ किलो वजन उतरलं. “तोंडाला चवच नाही” म्हणत अर्धी भाकरी ताटात ठेवतात. पायाला मुंग्या येतात. दवाखान्यात विचारलं, तर “वय झालं” म्हणाले. खरंच वयच का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, “वय झालं” ऐकलं की मला माझे वडील आठवतात. तळपायाची आग व्हायची, रात्री ओला पंचा गुंडाळून झोपायचे. साखरेमुळे होतंय असं धरून आम्ही दोन वर्षं घालवली. शेवटी बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, तर ते तळाला गेलेलं. मी आहारतज्ज्ञ, आणि माझ्याच घरात हे नजरेतून सुटलं.

वडील साखरेसाठी मेटफॉर्मिन कितीतरी वर्षं घेत होते आणि रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी-१२ कमी शोषलं जातं. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि पँटोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी तेच कमी करते. त्यात माळकरी माणसाला बी-१२ मिळणार ते दूध-दह्यातूनच. सासऱ्यांच्या साखरेच्या गोळीत मेटफॉर्मिन आहे का, ते पाकिटावर बघा. असो वा नसो, मुंग्या येतायत म्हणजे बी-१२ तपासून घ्याच. मज्जातंतूंचं नुकसान फार काळ चाललं तर पूर्ण भरून येत नाही.

पित्ताची गोळी कशी सुरू झाली, तेही आठवून बघा. पुष्कळ घरांत असं होतं, की गुडघ्याच्या गोळीनं पोट जळतं म्हणून पित्ताची येते. पुढे गुडघ्याची बंद होते, पित्ताची मात्र वर्षानुवर्षं चालूच राहते.

चव जाण्यामागेही औषध असू शकतं. मेटफॉर्मिननं काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, भूक मंदावते. झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळच नसेल तर ज्वारीचा घास गिळणार कसा? सासरे हट्ट करत नाहीत, ताई.

बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असेल तर एप्रिल-मेमध्ये फार जपा. आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. घामावाटे पाणी जातं, लघवीवाटे सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम जातं आणि माणूस गळून जातो. बीपीसाठी म्हणून ‘कमी सोडियमचं मीठ’ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या आधीच पोटॅशियम अंगात धरून ठेवतात.

लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर देऊ नका. कॅल्शियमही तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास हवेत.

आता एक करा. घरातली सगळी पाकिटं, चूर्णं, काढे, शेजाऱ्यांनी दिलेली गोळीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. एकेक उचलून विचारा, “ही कशासाठी? अजून लागते का?” एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं मी पिशव्यांमधून कितीदा पाहिलंय. मनानं मात्र एकही गोळी बंद करू नका. आणि ५ किलो वजन आपोआप उतरणं ही वेगळी तपासायची गोष्ट आहे. सगळं औषधांवर ढकलून थांबू नका, याच आठवड्यात दाखवा.

तोवर कडक भाकरी गरम आमटीत कुस्करून मऊ होऊ द्या. शेंगाचटणी घट्ट दह्यात कालवून द्या, कोरडी दिली तर ती टाळूला चिकटते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच वेळा थोडं थोडं वाढा, आणि घासाआधी दोन घोट पाणी पाजा. माझे वडील असंच दीड भाकरीवर परत आले.