फ्रान्सच्या खेड्यांतून मोटारींशिवाय सायकलने आठवडाभर फिरायचं आहे. कोणता मार्ग निवडू?

आधी पाट्या वाचायला शिका. ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट, बहुधा जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याकाठी. ‘व्हेलोरूट’ लिहिलं असेल तर मधेमधे साधे गाडीरस्तेही येणार. लोआर नदीकाठचा प्रसिद्ध सायकलमार्ग ‘लोआर आ व्हेलो’ हा दुसऱ्या प्रकारातला. सुंदर आहे, पण तुमची अट पूर्ण करत नाही.

माझं मत गारोन कालव्याला. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहराहून बोर्दोच्या दिशेने जवळपास 200 किलोमीटर काठाकाठाने डांबरी वाट आहे, चढ नावालाच. वाटेत म्वासाकचा मध्ययुगीन मठ बघा. आजाँला तर गंमतच: अख्खा कालवा दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो, खाली नदी आणि वर होड्या! पुढे बोर्दो गाठायला रोजे लापेबी ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट आहे.

तुलूजहून उलट दिशेला, भूमध्य समुद्राकडे, कनाल द्यु मिदी हा कालवा आहे (240 किलोमीटर, 1996 पासून जागतिक वारसा). नाव मोठं, पण पहिल्या 50 किलोमीटरनंतर बराच भाग मातीचा, झाडांच्या मुळांनी उखडलेला. पातळ टायर असतील तर हाडं खिळखिळी होतील.

दोनच दिवस असतील तर बुरगुंडी प्रांतातली जिव्ह्री ते क्ल्युनी वाट, द्राक्षमळ्यांतून जाणारी.

आणि हो, खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, सोमवारी तर बेकरीही बऱ्याचदा. पाव सकाळीच घेऊन ठेवा.