मोत्याच्या गीतातला राजपुत्र कोण?

प्रश्न : ‘थोमाची कृत्ये’ या अपोक्रिफा (बायबलमध्ये न घेतलेल्या) ग्रंथातल्या गीतात मोती म्हणजे आत्मा, असे वाचले. मग मोती आणायला गेलेला राजपुत्र कोण?

उत्तर : एकास एक जोड्या लावायला गेले की राजपुत्रही आत्मा आणि मोतीही आत्मा ठरतो, आणि अर्थ अडकतो. हा ग्रंथ बहुधा तिसऱ्या शतकातला. त्याच्या १०८ ते ११३ या प्रकरणांत येशूचा शिष्य थोमा भारतातल्या तुरुंगात हे गीत गातो. वाचताना मोती जरा बाजूला ठेवा आणि कपड्यांचा माग काढा. घर सोडताना राजपुत्राचा रत्नजडित झगा उतरवतात. मोत्यासाठी मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) गेल्यावर तो तिथला वेश करतो, तिथले अन्न खातो आणि आपण कोण, कशाला आलो, हेच विसरतो. घरचे पत्र गरुडासारखे उडत येते तेव्हा जाग येते. पित्याचे नाव उच्चारून तो मोत्याभोवतीच्या सर्पाला निजवतो, मोती उचलतो, मळके कपडे तिथेच टाकतो. परतीच्या वाटेवर झगा समोर येतो आणि आरशात पाहावे तसे त्यात त्याला स्वतःचेच रूप दिसते. गीताचा गाभा इथे आहे.

नॉस्टिक (गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणाऱ्या प्राचीन पंथांच्या) अर्थाने झगा म्हणजे आपले स्वर्गातले रूप. सिरियाक भाषेतल्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेने ते आदामाने गमावलेले तेजोवस्त्र. आम्हाला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण नॉस्टिकांचा दुष्ट सृष्टिकर्ता या गीतात कुठेच नाही. मात्र हा अर्थ अख्ख्या ग्रंथावर लादू नका. गीत फक्त एका सिरियाक (इ.स. ९३६) आणि एका ग्रीक हस्तलिखितात सापडते, ते मुळात स्वतंत्र असावे.