पोस्टवरची अंघोळ

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लेहचं ॲक्लमटायझेशन (उंचीची सवय करून घेणं) आटोपलं की तू प्लाटून घेऊन पंधरा हजार फुटांवरच्या पोस्टवर जाणार, आणि तीन महिने पोरांच्या अंघोळीचं काय करायचं हे विचारतोस. निघायच्या आधी विचारलंस हे बरं केलंस. बऱ्याच जणांना हा प्रश्न वर पोचल्यावर, पहिला जवान जांघ खाजवत एमआय रूममध्ये, म्हणजे तपासणीच्या खोलीत, उभा राहिला की मग सुचतो.

खाली छावणीत अंघोळ ज्याची त्याची असते. वर तसं चालत नाही, कारण पाणी, रॉकेल, तंबू आणि पाळी, सगळं तुझ्या हुकमावर असतं. म्हणून पस्तीस जणांची कातडी ही तुझ्या कामाची बाब आहे, रायफलींइतकीच. १९४३ साली बर्मा आघाडीवर एका जखमीमागे १२० जण आजारी पडून मागे जात होते, असं तिथल्या चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी नोंदवलं आहे. मलेरियाच्या गोळ्या होत्याच, पण पोरं त्या घेतात की नाही हे बघायला कुणी नव्हतं. अचानक तपासणी सुरू झाली, तीन कमांडिंग ऑफिसर हटवले गेले, तेव्हा बाकीच्यांना मुद्दा कळला. साबणाचंही तेच आहे. साबण नुसता वाटून काही होत नाही.

आता हिशेब. उणे वीस अंशांवरचा एक किलो बर्फ वितळवून चाळीस अंशांचं कोमट पाणी करायला साधारण ५४० किलोज्यूल उष्णता लागते, त्यातली साठ टक्के नुसतं वितळवण्यात जाते. लिटरभर रॉकेलमध्ये ३५ मेगाज्यूल असतात, पण वाऱ्यात आणि थंडीत त्यातला तिसरा हिस्सा भांड्यातल्या पाण्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ. म्हणजे एका लिटरला वीस-बावीस लिटर कोमट पाणी. पस्तीस जणांना घरच्यासारखी पंधरा लिटरची बादली दिलीस तर ५२५ लिटर पाणी आणि एका खेपेला जवळजवळ २५ लिटर रॉकेल. तेच माणशी दोन लिटरांत अंग पुसून घेतलं तर ७० लिटर पाणी आणि साडेतीन लिटर रॉकेल. रॉकेलचा प्रत्येक जेरीकॅन कुणाच्या तरी पाठीवरून वर येतो, तेव्हा हिवाळ्यात बादलीचा विचार सोड. आठवड्यातून एकदा सगळ्या अंगाचं पुसणं, आणि पाय, जांघ, काखा, हात रोज. एवढं नेटानं झालं तर तीन महिने कुणाला काही होत नाही.

बर्फ आणायची जागा पहिल्याच दिवशी ठरव. पोस्टच्या वरच्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला, आणि चारही कोपऱ्यांना झेंड्या. लघवी-संडासची जागा खालच्या अंगाला, तिलाही झेंड्या. रात्री उणे तीसमध्ये माणूस बंकरच्या दारातच उरकून मोकळा होतो आणि सकाळी दुसरा कुणी तोच बर्फ पातेल्यात भरतो. हगवणीची सुरुवात इथून होते. भुसभुशीत ताज्या बर्फाची दहा भांडी वितळवली तर कसंबसं एक भांडं पाणी निघतं, म्हणून कुदळीनं घट्ट बर्फाची ढेकळंच काढायला लाव. पातेल्याच्या तळाशी आधी चार बोटं पाणी असावं. कोरड्या पातेल्यात नुसता बर्फ टाकला की तळचं पाणी वरचा बर्फ शोषून घेतो, बूड करपतं आणि त्या पाण्याला दोन दिवस जळका वास येतो. पिण्याचं आणि अंगाचं पातेलं वेगळं ठेव. तुझ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण पिण्यासाठी तेही पुरतं. खळखळून उकळी येऊन तीन मिनिटं गेली पाहिजेत एवढंच बघ.

अंग पुसायची रीत पहिल्या आठवड्यात उभं राहून करून घे. वेळ संध्याकाळची, गस्तीवरून आल्यानंतर आणि झोपायच्या आधी. सकाळी अंग धुऊन लगेच वाऱ्यात बाहेर काढलेला माणूस कातडीवरचं तेल गमावून बसतो, आणि तेच तेल तिथं त्याला वाचवत असतं. दोन मग पाणी, एकात थोडा साबण, दुसरं स्वच्छ. दोन छोटी फडकी, एक सुका टॉवेल. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा: आधी तोंड, मग मान आणि काखा, छाती-पोट, पाठ जोडीदारानं पुसायची, मग जांघ आणि बूड, पाय सगळ्यात शेवटी. साबणाचं फडकं, मागून स्वच्छ फडकं, लगेच कोरडं, मगच पुढचा भाग. घाईत पोरं कोरडं करायचं टाळतात आणि ओल्या जांघेवर इनर (आतले गरम कपडे) चढवतात. मग धुतलं नसतं तर बरं, अशी गत होते. साबण कमीच वापरू दे. त्या कोरड्या हवेत रोज साबण लावला की हाताला भेगा पडतात आणि भेगेतून पू धरतो. पुसून झालं की हात, टाचा आणि ओठांना व्हॅसलीन.

एक गोष्ट तुझ्या पलटणीत नक्की येणार. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची पोरं. पारोशानं देवाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पोस्टवरच्या छोट्या मंदिरात सकाळची आरती असते, आणि एखादा पोरगा कुणाला न सांगता गार पाणी डोक्यावर ओतून घेतो. ओल्या डोक्यानं तिथं बाहेर पडणं म्हणजे हायपोथर्मियाला, अंगाची ऊब जिवावर बेतेल इतकी उतरण्याला, आमंत्रण. त्याच्यावर ओरडू नकोस आणि त्याची थट्टा तर अजिबात नको. सुभेदार साहेबांना किंवा युनिटच्या पंडितजींना सांग. हात-पाय-तोंड धुऊन केलेली पूजा देवाला चालते, हे त्यांच्या तोंडून आलं की पोरं ऐकतात. तुझ्या तोंडून आलं तर ऐकल्यासारखं करतील.

उन्हाळ्यात किंवा खालच्या कॅम्पवर शॉवर उभा करता येतो. इथं पहिली चूक उंचीची होते. पाणी डोक्यावरून पडायला तोटी दोन मीटरच्या वर हवी, म्हणून कुणीतरी दोनशे लिटरचं बॅरल दगडांच्या ढिगावर चढवतं. भरलेलं बॅरल दोनशे किलोंच्या पुढे जातं आणि ढीग एका बाजूनं खचतो. बॅरल जमिनीवरच ठेव, त्यात पाणी तापव, आणि दोरी-कप्पीनं वर चढवायला वीस लिटरचा जेरीकॅन वापर. त्याला नळी, खाली झारीची चाळणी आणि पाणी बंद करायला चाप. चाळणीतून मिनिटाला तीन लिटरच्या वर पाणी जात असेल तर निम्मी भोकं बुजवून टाक. अर्धा मिनिट अंग ओलं, चाप बंद, साबण, मग दीड मिनिट धुणं. सहा लिटर झाले. पस्तीस जणांचे २१० लिटर, म्हणजे साधारण एका बॅरलमध्ये प्लाटून. मिसळताना आधी गार पाणी आणि मग गरम ओत, कोपर बुडवून बघ. खाली लाकडी फळ्या टाक. सांडपाण्याला चर काढ. गोठलेल्या जमिनीत शोषखड्डा काम करत नाही, पाणी तंबूच्या दारात साचून रात्रीत काच होतं आणि सकाळी मनगट मोडतं. काम झालं की नळी उतरवून रिकामी कर आणि चाप उघडा ठेव. राहिलेल्या पाण्यानं गोठून प्लास्टिकची नळी उभी चिरते.

अंघोळीच्या तंबूत बुखारी (ऊब देणारी शेगडी) लावलीस तर हवेला दोन वाटा हव्यात, एक खाली, एक वर. ऊब राहावी म्हणून पोरं फटी चिंध्यांनी बुजवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि त्यानं होणारी डोकेदुखी-मळमळ अगदी उंचीच्या आजारासारखी असते, म्हणून फसायला होतं. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं धरलं तर आधी त्यांना बाहेर काढ, आजाराचं निदान नंतर. पेटती बुखारी ठेवून झोपायचं नाही, या नियमाला सूट नाही.

पायांवर मात्र तुला रोज वेळ घालवावा लागेल. पहिल्या महायुद्धात खंदकांत हजारोंचे पाय सडले, तेव्हा ब्रिटिश फौजेनं पाय तपासण्याची जबाबदारी थेट अधिकाऱ्यांवर टाकली. तो आजार हिमदंशाचा नव्हता, हे ध्यानात ठेव. शून्याच्या वर, दहा-पंधरा अंशांतसुद्धा पाय सतत ओला राहिला की तो होतो, आणि जाड स्नो बूट घामानं आतून ओले असतातच. म्हणून मोज्यांच्या तीन जोड्या: एक पायात, एक जॅकेटच्या आत पोटाशी वाळत, एक फक्त झोपायला. तिसऱ्या जोडीनं कुणी चालायचं नाही. बुटाचं आतलं अस्तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. रोज संध्याकाळी जोडीदारानं जोडीदाराचे पाय बघायचे, टॉर्च लावून, बोटांच्या बेचक्या फाकवून. पांढरी पडलेली, बधिर जागा दिसली तर चोळायची नाही, बर्फ लावायचा नाही, बुखारीजवळ न्यायची नाही. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. जोडीदाराच्या काखेत किंवा पोटाला लावून ऊब द्यायची. कातडी कडक झाली असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवणं हा उपाय आहे, पण तो पाय पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. एकदा सुटून पुन्हा गोठलेला पाय बहुधा जातो. चालून खाली न्यायचं असेल तर गोठलेल्या पायानंच चालव. नखं सरळ कापायची, कोपरे खोल नाहीत.

जांघेतला नायटा लपवला जातो, लाजेनं. आणि सुट्टीवरून येताना गावच्या मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली जाते. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल. चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि खाली बुरशी मजेत पसरते. पोस्टवर चढायच्या आधी सगळ्यांच्या किटमधल्या ट्यूबा बाहेर काढून नर्सिंग असिस्टंटला नावं वाचायला लाव. टॉवेल आणि चड्डी दुसऱ्याची वापरायची नाही, हे सांगायला अवघडू नकोस. खरूज निघाली तर एकट्याला औषध देऊन भागत नाही. त्या बंकरमधल्या सगळ्यांना त्याच रात्री परमेथ्रिनचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, आणि आठवड्यानं पुन्हा.

कपडे वाळत नाहीत म्हणून पोरं धूतच नाहीत. प्रत्यक्षात लडाखच्या कोरड्या हवेत ते वाळतात. इनर बाहेर टांग. ती पत्र्यासारखी कडक होते. मग झटकून बर्फ पाड, पुन्हा टांग. बर्फाची थेट वाफ होते आणि कपडा सुका हातात येतो. शिवणीत उवा दिसल्या तर ६० अंशांच्या पाण्यात धू, किंवा तो कपडा दोन आठवडे पिशवीत बांधून ठेव. अंगाची उब आणि रक्त मिळालं नाही की अंगावरच्या उवा मरतात. स्लीपिंग बॅगला दुपारी तासभर उलटी करून ऊन.

हात धुवायचं पाणी दोन ठिकाणी: संडासपाशी आणि लंगरच्या (स्वयंपाकघराच्या) दारात, तोटीचा जेरीकॅन आणि दोरीला बांधलेला साबण. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नकोस. तेलकट, मळक्या हातांवर तो कामाचा नाही. शिवाय उणे वीसमध्ये तो गोठत नाही, तितकाच गार द्रव राहतो आणि तळहातावर ओतला की क्षणात कातडी भाजल्यासारखी होते. बुखारीजवळ पेट घेतो तो वेगळाच. बाटली आतल्या खिशात ठेवत असतील तरच वापरू दे. लंगरमध्ये ज्याला जुलाब झाले तो, जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास, परातीला हात लावणार नाही, मग भाकऱ्या कशाही होवोत.

जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचिनमधल्या कुमार पोस्टवर तैनात झाल्या. तेव्हा तुझ्या पोस्टवरही महिला अधिकारी येऊ शकतात. बंदिस्त जागा, आतून कडी, ठरलेली वेळ आणि पॅडसाठी झाकणाचा डबा व बंद पिशव्या, ज्या कचऱ्याबरोबर खाली जातील. ही सोय त्यांनी मागायच्या आधी तयार असावी.

दाढी रात्री करू दे, सकाळी नाही. टूथपेस्ट गोठते, ती आतल्या खिशात.

लेह सोडण्यापूर्वी पस्तीसच्या पस्तीस जणांचे दात दाखवून घे. किडलेली दाढ वर ठणकायला लागली तर हेलिकॉप्टर हवामान मोकळं होण्याची वाट बघत बसतं. सामानात फूट पावडर, व्हॅसलीन, माणशी दोन फडकी, नेलकटर, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आणि चाप जादा दोन घे. चापच आधी मोडतो. पोचलास की पायांच्या तपासणीची वही सुरू कर आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घाल, तुझेही पाय कुणीतरी बघायला हवेत.

कळावे.