फ्रॉक फुगतो, लाल रंग पायावर उतरतो: बाहुलीवाल्यांचे प्रश्न

वसंत लागला की आपल्या सदरात बाहुल्यांची पत्रं सुरू होतात, म्हणजे लहान मुलांच्या नाही हं, कलेक्शनवाल्या मोठ्या माणसांच्या. आधी शिवून ठेवलेलं सगळं आता फुलांत नेऊन फोटो काढायचे असतात आणि तिथेच गाडी अडते. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र दिसलं नाही तर रागावू नका, उत्तर बहुतेक दुसऱ्याच्या खाली सापडेल.

प्रश्न: ताई, मी बार्बीसाठी घेरदार फ्रॉक शिवला. कापड माझ्याच जुन्या टॉपचं, छान मऊ कॉटन. पण कमरेत एवढा जाड झालाय की बाहुली गरोदर दिसते, आणि घेर खाली पडतच नाही, छत्रीसारखा उभा राहतो. पॅटर्न चुकला का?

पॅटर्न बरोबर असणार गं, कापड चुकलंय. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण 29 सेंटिमीटर, आपल्या सहाव्या हिश्श्याची. बाहुली सहापट लहान झाली पण कापड काही लहान होत नाही ना. तुझ्या टॉपचं कापड अर्धा मिलिमीटर जाड धरलं तर तिच्या हिशोबाने ते तीन मिलिमीटर जाड झालं, म्हणजे तू तिला घोंगडीचा फ्रॉक घातलायस. त्यात कमरेला चुण्या, वरच्या भागाची माया (म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड), अस्तर, सगळे थर एकावर एक, मग पोट दिसणारच.

मलमल, व्हॉइल, लॉन असं हाताला जवळजवळ लागतच नाही इतकं पातळ कापड घे. जुने, धुऊन धुऊन विरत आलेले रुमाल यासाठी सोन्यासारखे. घेर कमरेच्या दुप्पट पुरे, तिप्पट केलास की पुन्हा छत्री. माया 6 मिलिमीटर ठेवून शिव आणि टीप मारून झाल्यावर 3 पर्यंत कापून टाक, कडेला धागे सुटू नयेत म्हणून ते लिक्विड मिळतं ते टोकाने लाव, आणि आधी एका तुकड्यावर लावून बघ कारण काही कापडांवर वाळल्यावर डाग दिसतो. मशीनचा टाका दीड ते दोन मिलिमीटर, सुई 60 किंवा 70 नंबरची. पातळ कापड मशीन गिळतं, त्यासाठी खाली टिश्यू पेपर ठेवून शिवायचं आणि नंतर तो फाडून काढायचा.

आता घेर पडत का नाही, तर त्या एवढ्याशा कापडाला वजनच नाही. त्याला वळण लावावं लागतं. फ्रॉक बाहुलीच्या अंगावर घालून (अंगाला आधी प्लास्टिक गुंडाळ) पाण्याचा बारीक फवारा मार, बोटांनी चुण्या ओढून खाली घे, वरून दोऱ्याचे सैलसर वेढे घाल आणि रात्रभर वाळू दे. सकाळी दोरा सोडलास की घेर सरळ खाली येतो. काही जण काठात बारीक तार घालतात, वाऱ्यात उडतानाचा फोटो हवा असेल तर तार उत्तम, एरवी मला ती कृत्रिम वाटते.

बाही शेवटी लावायला जाऊ नकोस. एवढ्या लहान गोल मुंड्यात, म्हणजे बाहीच्या भोकात, बाही बसवणं म्हणजे डोळे आणि डोकं दोन्हीची वाट. आधी फक्त खांदे जोड, गळा पूर्ण कर, मग कापड टेबलावर सपाट असतानाच उघड्या मुंड्याला बाही लाव, बाहीचं टोकही तेव्हाच दुमड, आणि सगळ्यात शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून खाली कमरेपर्यंत एकच टीप. काखेत एक छोटासा कट दे, टिपेच्या अगदी जवळ, पण टीप कापू नकोस. पाठ पार नितंबांपर्यंत उघडी ठेव, नाहीतर कपडा चढणारच नाही. बोटं बाहीत अडकतात तेव्हा हातावर प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा चढव, सर्रकन जातो. वेल्क्रो नको, केस अडकून तुटतात. सगळ्यात लहान टिचबटण लाव किंवा एक मणी आणि दोऱ्याचा फास, तो सगळ्यात सुबक दिसतो.

आणि प्रिंट बघून घे. कापडावर एक सेंटिमीटरचं फूल असेल तर तिच्या अंगावर ते सहा सेंटिमीटरचं दिसणार. पडद्याचं कापड नेसवल्यासारखं.

प्रश्न: लाल वेल्वेटचा ड्रेस महिनाभर अंगावर राहिला, आता व्हिनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) पायांवर गुलाबी डाग आहेत. साबणाने जात नाहीत. काय करू?

साबणाने जाणार नाहीत, कारण रंग वर बसलेला नाहीये, आत गेलाय. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते कापडातला रंग ओढून घेतं, आणि उष्णतेत हे आणखी भराभर होतं. लाल, काळा, नेव्ही ब्लू हे नेहमीचे गुन्हेगार.

व्हिनाइलसाठी बरेच जण बेन्झॉइल पेरॉक्साइडचं 10 टक्क्यांचं पिंपल्सचं क्रीम वापरतात. फक्त डागावर पातळ थर, वर क्लिंग फिल्म, उजेडात ठेवायचं आणि रोज बघायचं, धीर लागतो. पण हे ब्लीच आहे, डागाबरोबर मूळ रंगही फिका होऊ शकतो, चेहऱ्याच्या पेंटला आणि केसांना तर लावूच नका. बाहुली महागडी किंवा जुनी असेल तर माझं स्पष्ट मत, पायात मोजे घाला आणि डाग राहू द्या. रेझिनच्या, म्हणजे कडक ओतीव प्लास्टिकच्या बाहुलीला हे क्रीम लावायचं नाही, तिथे डाग वरवरचा असेल तर मेलामाइनचा स्पंज ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवतात, तोही मुळात बारीक सँडपेपरच आहे हे लक्षात ठेवून.

पुढच्या वेळी शिवायच्या आधी कापडाचा तुकडा ओला करा, पांढऱ्या सुती कापडात दाबून वरून गरम इस्त्री फिरवा. पांढऱ्यावर रंग आला तर ते कापड धुवत बसा किंवा सोडून द्या. गडद कपड्याला पांढरं अस्तर हवंच, आणि फोटो झाले की ड्रेस उतरवून ठेवायचा, डिस्प्लेला हलके रंग.

प्रश्न: कपडे सुंदर होतात पण बागेतले फोटो बघितले की गवतात खेळणं ठेवलंय असंच वाटतं. दुसऱ्यांच्या फोटोत बाहुली जिवंत दिसते. चांगला कॅमेरा घ्यावा का?

कॅमेरा राहू द्या, आधी चटई घ्या. तुम्ही उभ्याने किंवा उकिडवं बसून वरून फोटो काढताय हे न बघता सांगते. वरून बघितलं की ती लहान आहे हे डोळ्याला लगेच कळतं. पोटावर झोपा आणि लेन्स तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, किंबहुना थोडी खालीच. किंवा तिला कठड्यावर, झाडाच्या बेचक्यात ठेवा म्हणजे तुमची पाठ वाचेल. फोन असेल तर उलटा धरा, लेन्स खाली जमिनीकडे येते.

दुसरी गोष्ट फुलांची, आणि इथे पुन्हा तोच सहाचा पाढा. तीन सेंटिमीटरचं फूल सहाव्या हिश्श्याच्या बाहुलीशेजारी 18 सेंटिमीटरचं होतं, नाश्त्याच्या ताटलीएवढं. तिच्यासाठी गवतातली ती नखाएवढी फुलं शोधा ज्यांच्यावरून आपण चालत जातो, किंवा बहरलेलं झाड दोन-तीन मीटर मागे सोडून धूसर होऊ द्या, धूसर फुलाचा आकार कुणाला कळतोय. तुमची बाहुली 60 सेंटिमीटरची, तिसऱ्या हिश्श्याची रेझिनची असेल तर तेच फूल नऊ सेंटिमीटरचं वाटतं, चालून जातं, झाडाखाली गळालेल्या पाकळ्यासुद्धा छान दिसतात. दव मात्र फसवं. आपल्याला नाजूक वाटणारा तीन मिलिमीटरचा थेंब लहान बाहुलीच्या जगात गोटीएवढा असतो. दव सुकल्यावर जा.

फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. एवढ्या जवळून काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो, त्यामुळे बॅकग्राउंड उडवायच्या नादात लेन्सचं भोक एफ 1.8 इतकं मोठं ठेवलंत तर एक डोळा स्पष्ट, दुसरा डोळा आणि तुम्ही आठवडाभर शिवलेली कॉलर दोन्ही गायब. एफ 5.6 ते 8 ठेवून बघा, मागचं झाड लांब असेल तर ते तसंही धूसर होतं. फोनवर नाकाला चिकटून काढू नका, चेहरा फुगतो. थोडं मागे सरकून टेलिफोटो लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोड केसांच्या कडा खातो आणि लेससुद्धा खातो, मला तो बाहुल्यांसाठी अजिबात आवडत नाही.

ऊन म्हणाल तर पातळ ढगाळ दिवस सगळ्यात भारी, नाहीतर सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं. दुपारी नाकाची सावली ओठांवर पडते आणि प्लास्टिक चकाकतं, खेळणं दिसण्याचं अर्धं कारण हेच. पांढरा पुठ्ठा चेहऱ्याच्या खालून पुढे धरा आणि डोळ्यांत बघा, बुबुळात एक पांढरा ठिपका येईपर्यंत पुठ्ठा फिरवायचा. तो ठिपका आला की चेहऱ्यात जीव येतो, नसेल तर कितीही महागडे काचेचे डोळे बसवा, नजर मेलेलीच. आणि तिला शिपायासारखं ताठ उभं करू नका हो, एका पायावर भार, कंबर किंचित बाहेर, मान जराशी कलती, नजर कॅमेऱ्याच्या शेजारून. गुडघे, कोपर पूर्ण सरळ ठेवूच नका.

प्रश्न: मी चाळिशीतला पुरुष. पार्कात बाहुली काढली की लोक बघतात. हसू नका.

हसत नाहीये. ब्लाइथ ही बाहुली 1972 मध्ये केनर कंपनीने काढली, डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलायचा, तेव्हा ती चालली नाही आणि बंद पडली. 2000 साली गिना गारन या फोटोग्राफर बाईंनी काढलेल्या तिच्या फोटोंचं पुस्तक आलं, लोक वेडे झाले आणि 2001 पासून जपानच्या टाकारा कंपनीने ती पुन्हा आणली. म्हणजे मोठ्या माणसाने बाहुलीचे फोटो काढत फिरण्यामुळे एक अख्खी बाहुली परत बाजारात आली. लोक बघणारच, दोन मिनिटांत आपल्या वाटेने जातात. सकाळी लवकर जा, तसाही उजेड तेव्हाच बरा असतो.

प्रश्न: रेझिनची बाहुली पहिल्यांदाच बाहेर नेतेय. फार भीती वाटते.

भीती वाऱ्याची ठेवा, वसंतात तो अचानक येतो आणि विग म्हणजे शीडच. स्टँडचे पाय मातीत खुपसा किंवा दगडाने दाबा, स्टँड घेराखाली लपतो, आणि बाहुली एकटी उभी सोडून लेन्स बदलायला जाऊ नका. अल्ट्राव्हायोलेटमुळे रेझिन हळूहळू पिवळं पडतं, एका सकाळीत काही होत नाही, पण फोटो नसतील तेव्हा ती पिशवीत, सावलीत. नेताना चेहऱ्यावर मऊ कापड किंवा फेस गार्ड बांधा, पेंट घासला जात नाही.

परागकण कपड्यावर पडले तर हाताने झटकू नका आणि पाणी तर लावूच नका, पिवळा डाग पक्का बसतो. चिकटपट्टी अलगद टेकवून उचलून घ्या. रेझिनवरचे मऊ ब्रशने. घरी आल्यावर कपडे उतरवून हवेवर टाका, सांध्यांत माती गेलीय का बघा, आणि ओलसर काहीही डब्यात बंद करू नका, विगसुद्धा.