स्मेक्टिक थरावर पाण्याचा थेंब चिकटून बसत असेल तर

फ्लोरिनयुक्त स्मेक्टिक द्रवस्फटिकाचा (ज्याचे रेणू एकावर एक स्तरांत रचलेले असतात) आपला थर स्वतःच्या प्रयोगशाळेत १५० अंशांहून अधिक संपर्क कोन (पाण्याच्या थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) दाखवतो, पण चाचणी केंद्राच्या अहवालात तो जेमतेम ११५ येतो आणि थेंबही हलत नाही, हे आपले गाऱ्हाणे वाचून माझीच जुनी फाइल समोर आली. थर कसा द्यायचा हे आपण जाणताच, म्हणून थेट केंद्राकडे वळतो.

पुण्यातल्याच एका केंद्राने (नाव घेत नाही) माझे नमुने मोजण्याआधी ‘ओलावा घालवण्यासाठी’ ओव्हनमध्ये ठेवले होते, आणि अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता. विचारणा केली तेव्हा ‘सगळ्याच नमुन्यांना हीच पद्धत आहे’ एवढेच सांगण्यात आले. त्यात माझे अख्खे सत्र गेले. हा काही भिंतीचा रंग नव्हे. या थरात काचेलगतचे रेणू आडवे, तर हवेकडचे उभे राहू पाहतात. या ओढाताणीत स्तर वाकतात आणि मध्यभागी खळगा असलेली वर्तुळे शेजारी शेजारी दाटीने बसतात. खळग्यांत हवा कोंडली जाते, म्हणून थेंब अलगद वर राहतो. पदार्थ समदिश द्रव (रेणूंची कसलीच मांडणी न उरलेला साधा द्रव) होईपर्यंत तापला की ही रचना पुसली जाते, आणि घाईने थंड केल्यास वर्तुळे पुन्हा उमटली तरी लहानमोठी, विस्कळीत उमटतात. मागे उरते ते फ्लोरिनचे रसायन. सपाट पृष्ठभागावर केवळ त्याच्या बळावर कोन सुमारे १२० अंशांपलीकडे जात नाही. आपल्या आकड्याने मला शंका आली ती यामुळेच.

आपला नमुना मी पाहिलेला नाही. दोष काचेवरच्या, रेणूंना आडवे ठेवणाऱ्या लेपातही असू शकेल. तरीही मोजणीच्या आधी आणि नंतर ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच जागेचे छायाचित्र घ्यावे, आणि नमुन्याला कमाल किती तापमान चालेल हे अर्जावर लिहून त्यावर सही घ्यावी. नुसत्या स्थिर कोनाला माझ्या मते फारशी किंमत नाही: कोन मोठा असूनही थेंब उलट्या काचेला लटकून राहू शकतो. मंच तिरका करून थेंब कधी घरंगळतो, हे मोजून मागावे.

सरावासाठी ८सीबी हा नेहमीचा स्मेक्टिक द्रवस्फटिक वापरत असाल तर एप्रिलमध्ये विशेष जपा. त्याची स्मेक्टिक अवस्था ३३.५ अंश सेल्सिअसलाच संपते, आणि पुण्यात दुपारी बंद गाडीत ठेवलेला डबा तेवढा सहज तापतो.