भावंडं आणि त्यांची खेळणी यांच्यावरची, मुलांसोबत वाचता येईल अशी कॉमिक स्ट्रिप कोणती?

मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. तो आपलं मळकं दुपटं कुणाला धुवायलाही देत नाही आणि ती ते मुद्दाम लपवून ठेवते, असं तुम्ही प्रश्नात लिहिलं आहे. मग सरळ 'पीनट्स' आणा. तुमच्याच घरची गोष्ट आहे.

पीनट्स म्हटलं की आपल्याकडे स्नूपी आठवतो, टी-शर्टवरचा पांढरा कुत्रा. मलाही आधी तेवढंच माहीत होतं. पण त्यातलं माझं आवडतं घर व्हॅन पेल्ट मंडळींचं. थोरली लूसी, तिचा धाकटा भाऊ लायनस, आणि १९७२ साली आलेलं शेंडेफळ रिरन. लूसी दांडगट, लायनस बुद्धिमान. इतका बुद्धिमान की तो फुगा फुगवतो तर चौकोनी फुगतो. आणि हाच विद्वान एका हातात चादर धरून दुसऱ्या हाताचा अंगठा चोखत उभा असतो.

एका जुन्या पट्टीत लूसी सगळी खेळणी स्वतःकडे घेते आणि भावाला एक रबरबँड देते. तो त्या रबरबँडमध्येच इतका रमतो की ताईचं डोकं फिरतं. आमच्या घरी हेच होतं, फक्त रबरबँडच्या जागी बाटल्यांची झाकणं. माझ्याकडे भातुकली होती, बाहुली होती, सगळं होतं. पण धाकटा झाकणांची आगगाडी करून तोंडाने शिट्टी वाजवायला लागला की मला तीच गाडी हवी असायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि ते एका अमेरिकन माणसाच्या चार चौकटींत मला सापडलं.

त्या माणसाची, म्हणजे पीनट्स काढणाऱ्या चार्ल्स शुल्झची, गंमत अशी की त्याला सख्खं भावंड नव्हतंच. मिनेसोटातल्या एका न्हाव्याचा तो एकुलता एक मुलगा. त्याला स्वतःला मात्र पाच मुलं. त्यातली पहिली तिघं घरभर चादरी फरफटवत फिरायची, त्यातून लायनसची चादर आली असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. ती पट्टीत पहिल्यांदा दिसते १ जून १९५४ ला. त्याच सुमाराला, १९५३ साली, डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाचा एक प्रसिद्ध निबंध छापून आला. आईपासून हळूहळू वेगळं होताना मूल एखादी चिंधी, दुपटं किंवा अस्वल धरून ठेवतं आणि तो मधल्या वाटेवरचा आधार असतो, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे दुपट्यावरून मुलाला रागावू नका, हे जाता जाता सांगून ठेवते. वास गेला की ते दुपटं त्याच्या लेखी संपतं, म्हणून तो धुवू देत नाही.

लूसीला अर्थात असलं काही पटत नाही. ती चादर जमिनीत पुरते आणि लायनस वेड्यासारखा खड्डे खणत सुटतो. पुढे एकदा ती चादरीचा पतंग करते आणि सोडून देते. त्यांच्या आजीलाही चादर खपत नाही. लायनस तिला तोंडावर विचारतो, तू दिवसाला ३२ कप कॉफी पितेस त्याचं काय? (आपल्याकडे आजीला असं विचारलं असतं तर चादर बाजूला राहिली असती आणि पाठीत धपाटा बसला असता.) आणि स्नूपी तर येता-जाता चादर दातात धरून पळतोच.

मला यात आवडतं ते असं की शुल्झ शेवटी बहीण-भावाला गळ्यात गळे घालायला लावत नाही. लूसी सुधारत नाही. टीव्हीवरचं चॅनल बदल म्हणून ती हुकूम सोडते. का बदलू, असं लायनसने विचारलं की पाच बोटं दाखवते. सुटी सुटी बोटं काहीच नाहीत, पण मिटली की मूठ. लायनस मुकाट्याने चॅनल बदलतो, मग स्वतःच्या बोटांकडे पाहतो आणि त्यांना विचारतो, तुम्हाला असं एकजुटीने वागायला काय होतं? धाकटं असणं म्हणजे काय, हे मला तरी यापेक्षा नेमकं कुठे वाचायला मिळालेलं नाही. आणि हे मी थोरली असून म्हणतेय.

खेळण्यांचा विषय निघालाच आहे तर श्रोडर नावाच्या त्यांच्या मित्राचा पियानोही बघा. तो खेळण्यातला पियानो, काळ्या पट्ट्या नुसत्या रंगवलेल्या, त्यातून सूर निघायलाच नको. श्रोडर त्यावर बेथोवेन वाजवतो आणि शुल्झ डोक्यावर खऱ्या स्वरलिपीतल्या ओळी काढतो. असलाच एक पियानो त्याने स्वतःच्या मुलीसाठी घेतला होता. लूसी त्या पियानोला टेकून तासन् तास बसते, श्रोडर ढुंकूनही बघत नाही. शेवटी १९६९ साली ती तो उचलून पतंग खाणाऱ्या झाडावर फेकते आणि झाड पियानो खाऊन टाकतं. दुसऱ्याचं मन जिथे गुंतलंय नेमकं तेच मोडायचं, ही लूसीची सवय घरात आणि बाहेर सारखीच.

पट्टीचा नायक, स्नूपीचा मालक चार्ली ब्राउन आणि त्याची बहीण सॅली ही दुसरी जोडी. पण तिथे भांडण खेळण्यांपेक्षा गृहपाठाचं जास्त, म्हणून ती नंतरसाठी ठेवा.

आता सुरुवात कुठून करायची? पट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० ला शेवटची छापून आली; आदल्याच रात्री शुल्झ झोपेत गेला. एकूण १७,८९७ पट्ट्या, सगळ्या त्याच्या एकट्याच्या हातच्या. एवढ्या डोंगरात मुलं हरवतील. लूसी आणि लायनस दोघंही १९५२ साली आले, तेव्हा तिथपासूनची दहाएक वर्षं घ्या. कालक्रमाने लावलेले खंड निघालेले आहेत, ग्रंथालयात विचारून बघा. इंग्रजी सोपं आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला तुम्ही मराठीत बोलून दाखवलंत तरी अडणार नाही. लायनसला आमच्या घरी 'लाल्या' म्हणतात.

फक्त तो पतंगाचा भाग थोरलीच्या हाती लागू देऊ नका. निदान दुपटं दोरीवर वाळत असेल त्या दिवशी तरी.