‘बालगुन्हेगार’ की ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’?

मिरजेच्या एका शिक्षिकांनी विचारले आहे की, ‘दुचाकी चोरीप्रकरणी विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’ असे मथळे सांगलीच्या दैनिकांत नेहमी वाचायला मिळतात. ‘बालगुन्हेगार’ हा सर्वांना कळणारा शब्द असताना ही जड रचना कशासाठी, आणि ती लिहायची तरी कशी?

दोन्ही शब्दांतला फरक त्यांच्या शेवटच्या अवयवांत आहे. ‘गुन्हेगार’ हा फारसीतून आलेला शब्द असून त्यातला ‘गार’ हा प्रत्यय ‘करणारा’ या अर्थाचा आहे. ‘कामगार’ म्हटले की काम ही त्या माणसाची ओळख ठरते, तसाच ‘गुन्हेगार’ म्हटल्यावर गुन्हा ही ओळख ठरते, मग तो हातून एकदाच घडलेला का असेना. ‘ग्रस्त’ हा संस्कृत ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे, ग्रासणे या धातूपासून आला आहे. आपल्या भागाला तो शिकवावा लागत नाही: कोयनेचे धरणग्रस्त आणि २००५ व २०१९ साली कृष्णाकाठी झालेले पूरग्रस्त आपण पाहिलेले आहेत. उरलेला ‘विधी’ हा येथे पूजेचा नसून ‘विधिमंडळ’, ‘विधिज्ञ’ यांतला, म्हणजे कायदा या अर्थाचा आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, पूर येतो, चोरी मात्र केली जाते. मग चोरी करणाऱ्याला ‘ग्रस्त’ म्हणणे ही त्याची पाठराखण नव्हे का? मला तसे वाटत नाही, कारण या शब्दात मुलाला ग्रासणारी गोष्ट चोरी ही नसून कायद्याशी आलेला संघर्ष ही आहे, आणि कृत्य घडले की नाही याविषयी शब्द काहीच बोलत नाही. हे मौन हेतुपूर्वक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या व्याख्येत, कृत्याच्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण न झालेले आणि गुन्ह्याचा आरोप असलेले किंवा तो केल्याचे आढळलेले, अशी दोन्ही प्रकारची मुले येतात. त्यामुळे मथळ्यातल्या या शब्दावरून आरोप सिद्ध झाला असे वाचकाने कधीच समजू नये.

याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये मुलाविषयीच्या कार्यवाहीत आरोपात्मक शब्द वापरू नयेत, असे तत्त्वच सांगितले आहे. म्हणून येथे ‘अटक’ नसते, मुलाला ‘ताब्यात घेतले’ जाते. खटल्याच्या जागी बाल न्याय मंडळापुढची ‘चौकशी’ असते आणि शिक्षेच्या जागी ‘आदेश’. नावे बदलली आणि आतले सगळे तसेच राहिले, असे मात्र झालेले नाही. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. समज देऊन घरी पाठवण्यापासून समुपदेशन, समाजसेवा आणि जास्तीत जास्त तीन वर्षे विशेषगृहात ठेवण्यापर्यंतचे आदेश हे मंडळ देऊ शकते. आपल्याकडे सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात, पण चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह आणि आदेशानंतर ठेवतात ते विशेषगृह. हा भेद बातमीतही पाळला जावा.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाने किमान सात वर्षांची शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि प्रसंगाची परिस्थिती तपासून मंडळ प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते आणि तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तरीही त्याला फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थळीच ठेवावे लागते. या टप्प्यावरही कायदा त्याला ‘बालक’च म्हणतो. सतरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाला बालक म्हणणे कानाला खटकते हे खरे, पण येथे तो वयाची कायदेशीर रेषा सांगणारा शब्द आहे.

मला या शब्दाच्या जडपणापेक्षा त्याच्या पोकळ वापराची चिंता अधिक वाटते. मथळ्यात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहायचे आणि खाली त्याची गल्ली, शाळा, वडिलांचा व्यवसाय छापायचा, याने त्या मुलाची ओळख तालुकाभर होते. कलम ७४ नुसार ओळख पटेल असा कोणताही तपशील छापण्यास मनाई असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सामान्य बातमीत ‘चोरीच्या आरोपावरून सतरा वर्षांच्या मुलाला ताब्यात घेतले’ एवढे साधे वाक्य पुरते, आणि ते कायद्याच्या हेतूलाही धरून आहे. ‘बालगुन्हेगार’ मात्र मी बातमीत आणि वर्गातही टाळेन.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘विधी’ हा तत्सम शब्द सुटा लिहिताना दीर्घ होतो, पण समासाच्या पूर्वपदी आला की मूळ ऱ्हस्व रूप टिकते, म्हणून ‘विधीसंघर्षग्रस्त’ हे अशुद्ध. तिन्ही पदे जोडून आणि ‘बालक’ सुटे लिहावे. ‘विधिसंघर्षित’ असे आटोपशीर रूपही काही ठिकाणी दिसते. तेही समजते, आणि एका मजकुरात दोन्हींपैकी एकच ठेवावे.